कान सरावत नाहीत

यंत्रमागाच्या शेडमध्ये नव्यानं लागलेल्या पोराला जुने कामगार पहिल्याच आठवड्यात सांगतात, थोडे दिवस त्रास होईल, मग सवय होईल. पाळी संपवून तो बाहेर येतो तेव्हा कानात घूं चालू असतं, समोरच्याचं बोलणं दबकं ऐकू येतं. रात्रीच्या झोपेनंतर ते बरंचसं ओसरतं. काही महिन्यांनी हा त्रास खरोखरच कमी होतो आणि सवय झाली असं सगळे धरून चालतात. मनाला आवाजाची सवय होत असेल, पण कान कधीच सरावत नाहीत. पूर्वी जो आवाज बोचत असे तो आता बोचत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की तो टिपणाऱ्या पेशी निकामी होऊ लागलेल्या असतात. जी सवय म्हणून दिलासा देते, तीच दुखण्याची सुरुवात असते.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर इथले माग, कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं फेटलिंग, चाकणच्या प्रेस शॉप, खानदेश-विदर्भातल्या जिनिंग, डोंगराच्या कडेला उभे असलेले खडी क्रशर, साखर कारखान्यांची टर्बाइन घरं : महाराष्ट्रात मोठ्या आवाजात रोजीरोटी कमावणाऱ्यांची यादी लांब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात बहिरेपणा आहे, आणि त्यातल्या ४३ कोटींना उपचार वा पुनर्वसनाची गरज आहे. प्रौढांमध्ये अपंगत्व आणणारा जो बहिरेपणा आढळतो, त्यापैकी सुमारे १६ टक्क्यांचं कारण कामाच्या ठिकाणचा आवाज असल्याचा अंदाज २००५ मध्ये मांडला गेला. आवाजानं आलेला हा बहिरेपणा बरा होत नाही, पण तो जवळपास पूर्णपणे टाळता येतो. मग तो का टळत नाही, हा या आढाव्याचा विषय आहे. माझ्या मते याचं मुख्य कारण एकच आहे. कानांचं रक्षण म्हणजे कामगाराला इअरप्लगची जोडी देणं, अशी आपण समजूत करून घेतली आहे, आणि त्या समजुतीनं यंत्राचा दोष माणसाच्या शिस्तीवर ढकलला आहे.

तीनशे वर्षांपासून माहीत असलेलं

हे दुखणं नव्यानं सापडलेलं नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कामगारांच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहिलं. एका वस्तीत एकवटलेले हे कारागीर दिवसभर तांबं ठोकतात, त्यांना कमी ऐकू येऊ लागतं आणि याच धंद्यात म्हातारे झाले तर ते ठार बहिरे होतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्या कुणालाही ही नोंद परकी वाटणार नाही.

औद्योगिक क्रांतीनं हातोड्याच्या जागी वाफेची यंत्रं आणली आणि दुखण्याला नवं नाव मिळालं : बॉयलर बनवणाऱ्यांचा बहिरेपणा. ग्लासगोचे कानतज्ज्ञ थॉमस बार यांनी १८८६ मध्ये बॉयलर कामगारांचं ऐकणं लोखंड ओतणाऱ्यांशी आणि टपाल वाटणाऱ्यांशी ताडून पाहिलं. बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट ठोकणाऱ्यांची अवस्था इतर दोन्ही गटांपेक्षा कितीतरी वाईट निघाली. पुढे चारच वर्षांत, १८९० मध्ये, कानतज्ज्ञ हाबरमान यांनी अशा एका मृत कामगाराच्या अंतर्कर्णाची तपासणी करून तिथली हानी दाखवून दिली.

आपल्यासाठी सगळ्यात जवळचा पुरावा विणकरांचा आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात तागाच्या मागांवर आयुष्य काढलेल्या स्त्रियांची तपासणी १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. मागखात्यातला आवाज १०० डेसिबलच्या आसपास होता. त्यांचं ऐकणं एका ठरावीक क्रमानं गेलेलं दिसलं. पहिल्या दहा-पंधरा वर्षांत ४००० हर्ट्झच्या भोवतालचं ऐकणं झपाट्यानं घसरलं. त्यानंतर तिथली घसरण मंदावली, पण नुकसान खालच्या, म्हणजे बोलण्याला लागणाऱ्या पट्ट्यात पसरू लागलं. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, बर्न्स आणि रॉबिन्सन या संशोधकांनी ब्रिटिश कारखान्यांच्या अभ्यासातून निष्कर्ष काढला की कानाला होणारं नुकसान आयुष्यभरात त्यावर पडलेल्या एकूण ध्वनिऊर्जेवर ठरतं. आवाज किती आणि तो किती काळ, या दोन्हींचा हिशेब एकत्रच करावा लागतो.

लँकेशरच्या गिरण्यांत विणकर स्त्रिया ओठ वाचून एकमेकींशी बोलत. मुंबईच्या गिरण्यांतलं साचा खातं असो की भिवंडीची आजची शेड, तिथेही माणसं खुणांनी आणि कानाशी तोंड नेऊन कामं उरकतात. ओठ वाचायची वेळ येते तेव्हाच आवाजानं धोक्याची हद्द ओलांडलेली असते. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असं समजावं. ही चाचणी फुकट आहे आणि कुणालाही करता येते.

आत काय घडतं

अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत प्रत्येक कानात सुमारे पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास आवाजाचा संदेश मेंदूकडे पाठवतात, उरलेल्या बारीक आवाज वाढवून देतात. नळीच्या तोंडाशी उंच पट्टीचे आणि टोकाशी खर्जातले स्वर टिपले जातात. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आलं. माणसात त्या उगवत नाहीत. जन्मतः मिळालेल्या पेशींवरच आयुष्य काढायचं असतं.

मोठ्या आवाजात काम केल्यावर ऐकणं तात्पुरतं उतरतं आणि विश्रांतीनंतर परत येतं, म्हणून ते निरुपद्रवी मानलं जाई. कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून या समजुतीला धक्का दिला. ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत राहिल्या, तरी त्यांना मज्जातंतूंशी जोडणारे निम्म्यापर्यंत दुवे कायमचे तुटलेले होते. माणसात हे नेमकं किती घडतं यावर संशोधन चालू आहे. पण पाळी संपल्यावर वाजणारे कान सकाळी मोकळे झाले म्हणजे काहीच बिघडलं नाही, असं आता म्हणता येत नाही.

सुरुवात ४००० हर्ट्झच्या आसपास होते, आणि बोलण्यातल्या नाजूक व्यंजनांचा भरणा उंच पट्टीतच असतो. स्वर खर्जात आणि जोरकस असतात. स, श, थ, फ, क, त हे आवाज बारीक आणि उंच. त्यामुळे साप, ताप, थाप, काप यांतला फरक मिटू लागतो. माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. म्हणून अशा कामगाराला आपण बहिरे होतोय असं वाटत नाही. लोक तोंडातल्या तोंडात बोलतात असं वाटतं. शांत खोलीत एकट्याशी बोलताना तो ठीक असतो. लग्नघरात, बसमध्ये, चावडीवरच्या बैठकीत मात्र त्याला धागा सापडत नाही. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं आधी निसटतं. घरातला टीव्ही मोठा होत जातो, बोलणं तुटक होतं, चिडचिड वाढते आणि शेवटी माणूस चार लोकांत जाणंच टाळतो. मध्यम वयातला बहिरेपणा आणि पुढचा स्मृतिभ्रंश यांचा संबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०१७ पासून सातत्यानं नोंदवला आहे.

श्रवणयंत्रानं हे सगळं भरून निघत नाही. खराब झालेल्या कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज सहन होत नाही, या दोन्हींमधली जागा अरुंद होते. त्यात अनेकांच्या कानात कायमची शिट्टी वाजत राहते, आणि रात्रीच्या शांततेत ती जास्त छळते.

नुकसान फक्त आवाजानं होतं असंही नाही. टोल्युइन, स्टायरीन यांसारखी द्रावकं, शिसं, कार्बन मोनॉक्साइड हेही कानाला घातक आहेत आणि आवाजाच्या जोडीला आले की हानी वाढवतात. रंगकाम, छपाई, फायबर-ग्लासच्या कामात दोन्ही एकत्र असतात. क्षयरोगावर वर्षानुवर्षं वापरलेलं स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच कुळातली इंजेक्शनं कानाच्या पेशी मारू शकतात. असा उपचार घेतलेला माणूस पुन्हा मागावर उभा राहतो तेव्हा त्याच्या कानांची जास्त काळजी घ्यायला हवी, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

डेसिबलचा हिशेब

डेसिबलची पट्टी सरळ बेरजेची नाही, आणि या प्रश्नातले बरेच गैरसमज तिथूनच निघतात. आवाज ३ डेसिबलनं वाढला की ऊर्जा दुप्पट होते, १० नं वाढला की दहापट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुपटीइतकीच जाणवते. धोका दहापट होतो आणि जाणीव दुप्पट.

अमेरिकेची व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्था, नायॉश, हिनं १९७२ मध्ये ८ तासांसाठी ८५ डेसिबलची शिफारस केली. १९९८ मध्ये ती कायम ठेवताना तिनं ३ डेसिबलचा नियम स्वीकारला. त्यानुसार दर ३ डेसिबल वाढीला मुभेचा वेळ निम्मा होतो : ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, १०० ला केवळ १५ मिनिटं. आपल्या कारखाना कायद्याखालच्या आदर्श नियमांत मात्र मर्यादा ९० डेसिबलला ८ तास आहे आणि वेळ निम्मा होतो तो दर ५ डेसिबलला. अमेरिकेतल्या जुन्या सक्तीच्या मर्यादेचाच हा साचा. त्या हिशेबानं १०० डेसिबलमध्ये २ तास काम चालतं. एकाच कानाला, एकाच आवाजात, एक हिशेब १५ मिनिटं देतो आणि दुसरा त्याच्या आठपट.

या फरकाची किंमत नायॉशनं मांडून ठेवली आहे. ४० वर्षं रोज ८ तास ८५ डेसिबलमध्ये काम केलं तर दर शंभरातल्या जादा ८ जणांना बोलणं कळण्याइतकं नुकसान होतं, ९० डेसिबलमध्ये २५ जणांना. चौघांतल्या एकाचे कान जातील अशी पातळी आपण कायदेशीर ठरवली आहे. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात ८० डेसिबललाच मालकाची जबाबदारी सुरू होते, ८५ ला ती आणखी कडक होते, आणि ८७ च्या वर, संरक्षक साधनांचा परिणाम धरूनही, कुणालाही ठेवता येत नाही.

धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०५ डेसिबलच्या घरात असतो, आणि तिथली पाळी बऱ्याच ठिकाणी १२ तासांची आहे. १०० डेसिबलमध्ये १२ तास म्हणजे ३ डेसिबलच्या हिशेबानं एका दिवसाच्या मर्यादेच्या ४८ पट. शिवाय कानाला सावरायला उरणारे तासही कमी. ज्यांची खोली शेडच्या वर किंवा भिंतीला लागून आहे, त्यांच्या बायकामुलांना तेवढेही तास मिळत नाहीत.

कायदा कुठवर पोचतो

कायद्यात या दुखण्याचं नाव नाही असं मुळीच नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांमध्ये होता. २०२० मध्ये संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेतही तो आहे. कामगार राज्य विमा कायदा आणि १९२३ चा भरपाई कायदा, दोन्हींत तो भरपाईला पात्र होता. आदर्श नियमांत मर्यादेपेक्षा जास्त आवाजात काम करणाऱ्याची कानतपासणी नेमणुकीनंतर १४ दिवसांत आणि पुढे दरवर्षी करायला सांगितलं आहे. खाणींसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयानं १९७५ मध्येच ८५ डेसिबल ही इशाऱ्याची आणि ९० ही धोक्याची पातळी ठरवली.

एवढं असूनही या दुखण्याची भरपाई मिळालेलं देशातलं पहिलं प्रकरण १९९६ चं असल्याचं या क्षेत्रातल्या संशोधकांनी नोंदवलं आहे. म्हणजे १९४८ पासून जवळपास अर्धशतक कलम पुस्तकात पडून होतं. यामागची कारणं समजून घ्यायला हवीत.

बहिरा होत चाललेला विणकर तितकंच कापड विणतो. त्याच्या कामात आणि मजुरीत फरक पडत नाही, म्हणून कुणाला दखल घ्यावीशी वाटत नाही. हाच पेच अमेरिकेत १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे आला होता. मजुरी बुडाली नाही तरी ऐकणं गेलं ही स्वतंत्र हानी आहे आणि तिची भरपाई मिळाली पाहिजे, असं त्या न्यायालयानं मान्य केलं. ब्रिटनमध्ये सरकारनं १९६३ मध्ये आवाजाच्या धोक्यावर मालकांसाठी पुस्तिका काढली, आणि १९८४ च्या एका निकालात न्यायालयानं तेच वर्ष रेषा म्हणून धरलं : त्यानंतर कुणाही मालकाला, मला ठाऊक नव्हतं, असं म्हणता येणार नाही. आपल्याकडे अशी रेषा कुणी ओढलेली नाही.

दुसरं कारण उंबरठ्याचं आहे. नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या ठिकाणी २० कामगार असतील तरच तो कारखाना. यंत्रमागाचा धंदा मुळात छोट्या छोट्या शेडमध्ये विखुरलेला, त्यात एका छताखालचे माग कागदावर वेगवेगळ्या नावांनी असू शकतात. जिथे आवाज सगळ्यात जास्त, तिथेच निरीक्षक पोचत नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कामगार वीस वर्षांनी गावी परततो तेव्हा त्याचे कान कोणत्या मालकाकडे गेले, हे सिद्ध करायला त्याच्याकडे हजेरीचा कागदही नसतो.

तिसरं कारण मोजमापाचं. अपंग हक्क कायदा, २०१६ नुसार कमी ऐकू येणारी व्यक्ती म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ६० ते ७० डेसिबल घट असलेली. आवाजानं गेलेला कान आधी त्या पट्ट्याच्या वर जातो. ज्याला चारचौघांत बोलणं समजत नाही असा माणूस या व्याख्येत बसेलच असं नाही.

आवाजाविषयी आपल्याकडे न्यायालयात जी चर्चा झाली ती बहुतेक २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांवर : निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. गणपती, ढोल, डीजे यांच्यावरून ते नियम घरोघरी पोचले, आणि ते योग्यच झालं. पण ते कुंपणाबाहेरच्या वातावरणासाठी आहेत. कुंपणाच्या आत, यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाचे डेसिबल कुणाच्या चर्चेत नसतात.

प्लग काय करतो, काय नाही

आता बाजारात सहज मिळणाऱ्या उपायाकडे वळू. फोमचा प्लग नीट बसवला तर खरोखर प्रभावी असतो. तो दोन बोटांत मळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटानं धरून ठेवायचा. बसल्यावर आपला आवाज आपल्यालाच घुमल्यासारखा वाटला पाहिजे. दोन्ही तळहात कानांवर दाबून पाहावेत. दाबल्यानं फारसा फरक पडला नाही तर प्लग बरोबर बसला आहे. अर्धवट खोचलेला प्लग दिसतो प्लगसारखा, पण संरक्षण नाममात्र देतो. सूत किंवा कापसाचा बोळा तर जेमतेम काही डेसिबल अडवतो आणि खोटा भरवसा देतो, म्हणून तो जास्त घातक.

पाकिटावर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्ष वापरासाठी नायॉशनं १९९८ मध्ये कपात सुचवली : इअरमफला २५ टक्के, फोमच्या प्लगला ५०, इतर प्लगना ७०. मफची गादी चष्म्याची काडी, केस, हेल्मेटचा पट्टा यांनी उचलली गेली की आवाज तिथून आत शिरतो. प्लग आणि मफ दोन्ही घातले तरी संरक्षणात ५ ते १० डेसिबलचीच भर पडते, कारण कवटीच्या हाडातूनही आवाज आत पोचतो.

त्याहून मोठा मुद्दा वेळेचा. ३० डेसिबल अडवणारा प्लग ८ तासांच्या पाळीत फक्त अर्धा तास काढून ठेवला, तर दिवसभराचं संरक्षण ३० वरून १२ डेसिबलवर येतं. त्या उघड्या अर्ध्या तासात शिरलेली ऊर्जा उरलेल्या सगळ्या वेळापेक्षा कितीतरी जास्त असते. प्लग काढायची कारणं खरी असतात : उकाडा, घाम, कानात खाज, तेलकट हातांनी होणारा संसर्ग, मुकादमाची हाक, धागा तुटल्याचा बदललेला सूर. मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा विणकर कान बंद करायला तयार नसतो, यात त्याचा अडाणीपणा नाही, कसब आहे. म्हणून गरजेपेक्षा जास्त अडवणारं साधनही चुकीचं. कानापर्यंत पोचणारा आवाज ७० ते ८० डेसिबलच्या दरम्यान आला की पुरे. त्याहून कमी झाला तर फोर्कलिफ्टचा हॉर्नही ऐकू येत नाही.

प्लग द्यावेत, प्रत्येकाच्या कानाच्या मापाचे निवडू द्यावेत, ते बसवायला एकेकाला हातानं शिकवावं. असं शिकवल्यानं संरक्षण लक्षणीय वाढतं, एवढं अभ्यासांत दिसलं आहे. पण १०० डेसिबलमध्ये १२ तास उभ्या असलेल्या माणसाला प्लगनं प्रत्यक्षात १५ डेसिबल दिले, तरी तो ८५ वरच राहतो, आणि १२ तासांसाठी तेही जास्तच.

तपासणी कशासाठी

कानतपासणीचा खरा उपयोग पहिल्या दिवशीच्या आलेखात आहे. तो नसेल तर पुढची घट कशाशी ताडणार? तपासणीपूर्वी किमान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहायला हवं, नाहीतर तात्पुरती घट कायमची समजली जाते. २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झवरची सरासरी घट १० डेसिबलला पोचली की अमेरिकी नियमांत ती धोक्याची खूण मानतात आणि यंत्र, साधन, पाळी सगळं तपासतात. आपल्याकडे जिथे तपासणी होते तिथे अनेकदा कागद फायलीत जातो आणि कामगाराला निकाल कळत नाही. दहा कामगारांच्या आलेखात एकाच ठिकाणी खळगा दिसला, तर ते दहा जणांच्या कानांचं निदान राहत नाही, त्या खात्यातल्या यंत्राचं होतं. आलेख कामगाराच्या हातात द्यावा, त्याला समजेल असा सांगावा, आणि नोकरी बदलताना तो त्याच्याबरोबर जावा.

इथे एक भीती खरी आहे : घट दिसली तर काम जाईल. तपासणीचा उपयोग माणसाला काढायला होणार असेल तर कुणीही मनापासून तपासायला येणार नाही.

आवाज मुळाशी गाठावा

आवाज मुळातच कमी करणं अशक्य आहे, हा दावा आपल्याच देशात एकदा खोटा ठरला आहे. नव्वदच्या दशकात दुकानांबाहेर धडधडणारे डिझेल जनरेटर आठवून पाहावेत. पर्यावरण नियमांतल्या २००२ च्या दुरुस्तीनं १००० केव्हीएपर्यंतच्या नव्या संचांना आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा घातली, आणि जानेवारी २००५ पासून बनणाऱ्या संचांना ती बंधनकारक झाली. पुण्यासह सगळीकडच्या उत्पादकांनी ध्वनिरोधक पेटीतले जनरेटर बनवले. ग्राहकाला कानात काही घालावं लागलं नाही, कुणाला शिस्त शिकवावी लागली नाही. जबाबदारी यंत्र बनवणाऱ्यावर टाकली, म्हणून ते साधलं.

कारखान्यातले बरेच उपाय याहून सोपे आहेत. हवेच्या नळीला शांत नोझल लावणं आणि गळती बंद करणं हा सगळ्यात स्वस्त. पत्र्याच्या घसरगुंडीवरून लोखंडी तुकडे आदळतात तिथे रबर बसवावं. प्रेसच्या डायला उतार दिला की सगळी धार एकदम न आदळता टप्प्यानं कापते आणि दणका कमी होतो. कॉम्प्रेसर वेगळ्या खोलीत हलवावा. रिव्हेट ठोकण्याच्या जागी वेल्डिंग आलं तेव्हा बॉयलर कामगारांच्या दुखण्याचं मूळच कापलं गेलं.

यंत्रमाग हा कठीण भाग आहे, हे मान्य करायला हवं. तिथला आवाज मुख्यतः धोटा फेकण्याचा आणि तो अडवण्याचा. ढिले बोल्ट, झिजलेले भाग, कोरडे बेअरिंग सुधारले, धातूचे काही भाग नायलॉनचे केले तर थोडा फरक पडतो. छताला ध्वनिशोषक थर दिला तर शेडच्या कोपऱ्यात बसून कांड्या भरणाऱ्या बाईला काही डेसिबलचा आराम मिळेल. मागाला चिकटून उभ्या असलेल्या विणकराला जवळपास नाही. निम्मे माग बंद केले तरी शेडमधला आवाज ३ डेसिबलच उतरतो. खरा फरक धोट्याविना चालणाऱ्या मागांनी पडतो, आणि तिथेही जपून निवड करावी लागते, कारण एअरजेट मागही ९० डेसिबलच्या आसपास जातात. वस्त्रोद्योगाच्या आधुनिकीकरणासाठी १९९९ पासून केंद्रानं अनुदान दिलं ते उत्पादकता आणि दर्जा वाढावा म्हणून. त्याच अनुदानाला डेसिबलची अट जोडणं सरकारला कधीही शक्य आहे.

यंत्र बदलेपर्यंत पाळ्या बदलता येतात. १२ तासांची पाळी ८ वर आणणं हा श्रमाचा प्रश्न आहेच, तो कानांचाही आहे. मधल्या सुटीसाठी शेडबाहेर शांत जागा हवी, आणि जागा आलटून-पालटून द्याव्यात. पण तुकड्यावर मजुरी मोजली जाते तिथे सुटी घेणं म्हणजे पैसे बुडवणं. मजुरीच्या कराराला हात लावल्याशिवाय तिथे कानांचं रक्षण होत नाही, हे कामगार संघटनांनीही आपल्या मागण्यांत मांडायला हवं.

कुणी काय करावं

कामगारानं आज करण्यासारखं एवढंच : प्लग नीट बसवायला शिकणं, तो पाळीभर न काढणं, कान वाजणं हलक्यात न घेणं, आपला आलेख मागून घेणं. मुंबईतली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांतले कान-नाक-घसा विभाग ही तपासणी करतात. कामगार राज्य विम्याच्या डॉक्टरांनी कमी ऐकू येण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला, तुम्ही काय काम करता आणि किती वर्षं, एवढं विचारून ते लिहून ठेवलं, तरी इतक्या वर्षांची शांतता मोडेल. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयानं यंत्रमागाच्या गावांत शेडचा आकार न बघता मोजणी करावी आणि आकडे जाहीर करावेत. सरकारनं ९० डेसिबल आणि ५ चा नियम सोडून ८५ आणि ३ चा स्वीकारावा. ८५ डेसिबलमागचं शास्त्र निम्म्या शतकाहून जुनं आहे.

आणि मालकांनी पुढचा माग, पुढची प्रेस, पुढचा कॉम्प्रेसर घेताना विक्रेत्याला किंमत आणि वेगाबरोबर त्याचे डेसिबल विचारावेत आणि ते बिलावर लिहून घ्यावेत. आज बसवलेलं यंत्र पंचवीस वर्षं चालणार आहे. ते किती आवाज करील हे खरेदीच्या दिवशी ठरतं, आणि त्याच दिवशी त्याच्याशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसांच्या कानांचाही निकाल लागतो.